सुपाएवढा उजेड

शनिवार, २६ जानेवारी २०४१. संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी शैलजा बिराजदार यांना मृग नक्षत्रात उजेडाचा एक डाग दिसला. माळावर त्या वेळी आणखी चार जण होते. त्यांच्यापैकी कुणालाही तो दिसला नाही.

जागा जत गावापासून नऊ किलोमीटरवरचा उघडा माळ. दुर्बीण आठ इंची, आरशाची. आरसा हनीफ मुजावर यांनी घरी घासलेला. हनीफ यांचं बाजारपेठेत पंखे, टीव्ही, एसी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. शैलजाबाई चौसष्ट वर्षांच्या, निवृत्त चित्रकला शिक्षिका. हनीफ त्यांचेच विद्यार्थी. दोघांनी २०१९ साली आकाश मंडळ सुरू केलं. आज त्याचे अकरा सभासद आहेत.

मंडळाचा एक नियम आहे. दोन किंवा अधिक जणांनी एकच दृश्य आपापलं रेखाटायचं, कागद पालथा घालून वर दगड ठेवायचा आणि सगळ्यांचे कागद होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. किमान दोन कागदांवर जे सापडेल ते वहीत जातं. एकाच कागदावर असेल त्यावर ‘कच्चं’ असा शिक्का बसतो आणि तो कागद पुठ्ठ्याच्या फाइलीत जातो. त्या फाइलीतून बाहेर आलेलं काहीही त्या दिवसापर्यंत कुणी पाहिलेलं नव्हतं. नियम शैलजाबाईंनीच केलेला.

त्या संध्याकाळचं काम ठरलेलं होतं : मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतली अठ्ठ्याहत्तरावी नोंद, एक तेजोमेघ, म्हणजे उजळलेला धुळीचा ढग. मृगातल्या बाणाच्या शेवटच्या ताऱ्यापासून बोटभर अंतरावर तो असतो. दुर्बिणीतून धुक्यात गुंडाळलेले दोन तारे दिसतात, एवढंच. कागद उलटले तेव्हा चार कागदांवर एवढंच होतं. पाचव्यावर त्या धुक्याच्या खाली एक पसरट आकार होता. एका बाजूला निमुळता, दुसऱ्या बाजूला रुंद, सुपासारखा.

“बाई, हे काय?” हनीफनी विचारलं.

“दिसलं ते.”

चौघांनी पुन्हा आळीपाळीने डोळा लावला. प्रत्येकाने बराच वेळ घेतला आणि प्रत्येकाने दिसत नाही म्हणून सांगितलं. शैलजाबाईंनी पुन्हा पाहिलं. सूप जागेवर होतं.

“शिक्का राहू दे आज,” हनीफ म्हणाले. “पुढच्या शनिवारी परत बघू.”

“तुझ्या कागदावर मी किती शिक्के मारले, मोजलेस का? आण इकडे.”

शिक्का त्यांनी स्वतः मारला.

*

चौघांना न दिसलेली गोष्ट पाचव्याला दिसली, हे कुठल्याही मंडळात होतं आणि तिथेच संपतं. इथे संपलं नाही, कारण शैलजाबाई ज्याने पाहतात तो डोळा पूर्ण त्यांचा नाही.

दृष्टिपटलाची झीज होऊन २०३५ पर्यंत त्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. दोन वर्षांनी मिरजेच्या एका रुग्णालयात उजव्या डोळ्यात कृत्रिम दृष्टिपटल बसवलं गेलं. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी सिलिकॉनची चकती डोळ्याच्या मागच्या भिंतीवर बसते. तिच्यावरचे हजारो सूक्ष्म घटक प्रकाशाचं विजेत रूपांतर करतात आणि ती वीज जिवंत उरलेल्या चेतातंतूंना देतात. हजारो म्हटलं तरी मूळ दृष्टिपटलाच्या मानाने ते फार कमी. म्हणून कानामागे एक प्रक्रियक असतो. चित्रातल्या रिकाम्या जागा तो आधी पाहिलेल्यावरून भरून काढतो. त्यामुळे या डोळ्याने पाहणाऱ्याला जे दिसतं, त्यातलं काही समोर असतं आणि काही यंत्राला समोर असावं असं वाटलेलं असतं.

चकतीचा एक दोष माहीत झालेला होता. वेष्टनाला सूक्ष्म तडा गेला तर आत ओल शिरते, वीज गळते आणि चेतातंतू जळू लागतात. देशभरात असे तीन रुग्ण झाले होते. तिघांचंही पहिलं लक्षण एकच : अंधुक प्रकाशात एका जागी दिसणारा फिकट डाग. तिघांच्या यंत्रांनी अखेरपर्यंत स्वतःची तपासणी ‘ठीक’ अशीच दाखवली. तंतू जळण्याआधी चकती काढली तर पुढेमागे नवी बसवता येते. प्रतीक्षायादी दोन वर्षांची, हमी नाही. उशीर झाला तर काहीच बसवता येत नाही.

शैलजाबाईंची मुलगी ऐश्वर्या त्याच रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. तिघांपैकी एका रुग्णाला पांढरी काठी घेऊन चालायला तिनेच शिकवलं होतं. प्रजासत्ताक दिनाच्या सुटीला ती जतला आली होती. रविवारी सकाळी आईने चहा गाळता गाळता सुपाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने हातातला फोन खाली ठेवला.

“आणखी काही दिसतंय का वेगळं? खरं सांग.”

“काही नाही. पंख्याचा रिमोट तेवढा नवा आणलायस ना? दाबला की टोकाला दिवा लागतो.”

“आई, रिमोट जुनाच आहे. त्याला दिवा नाही.”

ऐश्वर्याने आईच्या डॉक्टरांना दोन्ही लक्षणं कळवली.

*

सोमवार, २८ जानेवारी, सकाळी अकरा. ज्यांनी चकती बसवली होती त्या डॉ. कुपवाडे यांनी मिरजेत पाऊण तास तपासलं. यंत्राने ‘ठीक’ दाखवलं.

“डाग डोळ्यात असता तर नजरेबरोबर फिरला असता,” शैलजाबाई म्हणाल्या. “हा ताऱ्यांबरोबर राहतो.”

“जुन्या यंत्रात फिरला असता. तुमचं यंत्र डोळा हलला तरी चित्र हलू देत नाही. चूक झाली तर चूकही ते चित्रालाच चिकटवतं.”

“मग बाकीच्या आकाशात का नाही?”

“ही जागा तुम्ही किती वेळा काढलीत आजवर?”

“साठ-सत्तर वेळा.”

“प्रक्रियकाला ती जागा पाठ झालीय. एकदा चूक तिथे बसली, की दर वेळी तो ती काढून दाखवेल. मॅडम, या एका गोष्टीत तुमची साक्ष मला धरता येत नाही. राग मानू नका.”

“राग नाही. माझ्या मंडळातही धरली नाही.”

शस्त्रक्रियेची तारीख ठरली : सोमवार, ४ फेब्रुवारी, सकाळी नऊ. चकती काढायची. डावा डोळा हात हलवलेला ओळखण्यापुरताच. म्हणजे त्या सकाळनंतर शैलजाबाई आंधळ्या होणार होत्या, निदान दोन वर्षांसाठी.

परतीची गाडी कवठे महांकाळला आली. मग आई म्हणाली, “डाग खरा असला तर?”

“आणि नसला तर?” ऐश्वर्या म्हणाली. “मला तुझा डोळा वाचवायचाय. तुला तुझा ढग.”

“मला दोन्ही.”

“ते मिळत नाही, आई. त्या काठीवाल्या माणसालाही वाटत होतं, आठवडाभर थांबू. परवा त्याने मला आवाजावरून ओळखलं.”

*

मंगळवारी दुपारी हनीफ घरी आले. शस्त्रक्रियेचं कळलं होतं. त्यांनी पंख्याकडे बघितलं आणि तो कुरकुरतोय असं सांगितलं. ऐश्वर्याने बोलता बोलता रिमोटची गोष्ट काढली.

“कुठला रिमोट?” हनीफ उठले. “कुठं दिवा दिसतो, बाई?”

“हे काय, नाकावर.”

हनीफनी आपला फोन काढला, कॅमेरा रिमोटच्या नाकासमोर धरला आणि बटण दाबलं. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला.

“पोरी, रिमोट चालू हाय का मेला हे मी रोज असं बघतो. माणसाला हा उजेड दिसत न्हाई. कॅमेऱ्याला दिसतो, कारण त्याच्यात सिलिकॉन असतं.” ते शैलजाबाईंकडे वळले. “तुमच्या डोळ्यात काय बसवलंय?”



तांबड्या रंगाच्या पलीकडे अवरक्त किरण असतात. माणसाचं दृष्टिपटल ते टिपत नाही. सिलिकॉन त्यातला जवळचा पट्टा सहज टिपतं. म्हणून चकतीवरच्या बहुतेक घटकांवर ते किरण अडवणारा थर दिलेला असतो. काही घटक मात्र उघडे ठेवलेले असतात. डिसेंबरमध्ये कंपनीने सगळ्या यंत्रांना ‘रात्रीची नजर’ नावाचं अपडेट पाठवलं होतं. माहितीपत्रकात एक ओळ होती : अंधुक प्रकाशात चालणं सोपं होईल. ते सोपं होत होतं, कारण अंधारात, आणि घरातल्या मंद उजेडातही, उघडे घटक कामाला लागत होते.

आणि तेजोमेघ? तारे जिथे जन्मतात तिथे धूळ दाट असते. साधा प्रकाश धुळीत अडतो, अवरक्त बराचसा पार होतो. एखादा नवजात तारा अचानक भडकला, तर भोवतीच्या धुळीची पोकळी उजळते, बहुतेकदा पंख्याच्या आकारात. साध्या डोळ्याला तिथे काळोखच असतो.

डॉ. कुपवाडे यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, कंपनीला विचारलं आणि तासाभराने उलट फोन केला.

“रिमोटचं लक्षण मी खोडलं. उघडे घटक चालू आहेत, हे सिद्ध झालं. डाग बाहेर आहे, हे नाही झालं.”

“वेधशाळांना लिहिलंय,” हनीफ म्हणाले. “तिघांना. रांग हाय म्हणतात, आठ दिवस.”

“माझ्याकडे आठ दिवस नाहीत. ही चकती असलेला दुसरा कुणी मिळाला, ज्याने ती जागा कधी पाहिलेली नाही, तर बघू. रुग्णांची नावं मला देता येत नाहीत. निरोप पाठवतो.”

निरोप सहा जणांना गेला. बुधवारी सकाळी एकाचा फोन आला.

“मी पोपट ऐवळे, सांगोल्याहून. डॉक्टर म्हणले, कुणाला तरी माझा डोळा दोन तासासाठी उसना पायजे.”

*

पोपटराव ऐवळे, अठ्ठावन्न वर्षांचे, बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवतात. शनिवार, २ फेब्रुवारी, दुपारी दीडला ते एसटीने जतला उतरले.

“बाई, आधीच सांगतो. मला भाकरीसारखा गोलसुद्धा काढता येत न्हाई.”

“गोल नकोच आहे. ठिपके हवेत. जिथे दिसेल तिथे.”

शैलजाबाईंनी जुन्या छत्रीचं काळं कापड जमिनीवर पसरलं आणि त्यावर ज्वारीचे दाणे टाकले. पोपटरावांनी कागदावर ठिपके मांडायचे. पहिल्या कागदावर सगळे दाणे एका कोपऱ्यात गेले.

“क्लॅरिनेटची दोन भोकं किती लांब असतात, हे बोटांना कसं कळतं?”

“बोटांना म्हाईत असतं.”

“तसंच. एका दाण्यापासून दुसरा किती भोकं लांब, ते मोजा.”

पाचव्या कागदावर सगळे दाणे जागेवर होते. पोपटराव स्वतःवर खूष झाले आणि त्यांनी आणखी दोन कागद मागितले.

ऐश्वर्या दारात उभी राहून बघत होती. स्वयंपाकघरातून तिने चिमूटभर पीठ आणलं. “हे पण टाक की. फिकट कसं काढायचं ते कळेल त्यांना.”

“पीठ नको,” शैलजाबाई म्हणाल्या. “मी पीठ दाखवलं, तर ते वर पीठ शोधतील.”

ऐश्वर्या पीठ घेऊन परत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन ती आईजवळ बसली.

“त्यांना नाही दिसलं, तर सोमवारी वाद घालायचा नाही.”

“नाही घालणार.”

“शपथ?”

“नियम माझाच आहे ग.”

*

डॉ. कुपवाडे साडेसहाला माळावर पोचले. वेधाची पद्धत त्यांनी ठरवली. आकाशातल्या तीन जागा, क्रम त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीत. प्रत्येक जागेसाठी वेगळा कागद. दुर्बीण हनीफ लावणार, पण पोपटरावांशी बोलणार नाहीत. शैलजाबाई जीपमध्ये, पाठ दुर्बिणीकडे. दोन्ही चकत्यांत एकच दोष असला, तर डाग तिन्ही कागदांवर यायला हवा किंवा भलत्याच जागी यायला हवा. आकाशात असला, तर एकाच कागदावर आणि एकाच जागी.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी पोपटराव स्टुलावर बसले.

“एवढे दाणे!” ते म्हणाले. पुढे नियमाप्रमाणे गप्प.

जीपमध्ये ऐश्वर्याने आईचा हात धरला होता. काच खाली होती. पेन्सिलीचा आवाज येत नव्हता. फक्त दर थोड्या वेळाने दगड कागदावर ठेवल्याचा. पहिला दगड सात एक्केचाळीसला. दुसऱ्याला वेळ लागला. मध्येच पोपटरावांनी खुणेने खोडरबर मागितलं आणि हनीफनी न बोलता दिलं.

“काय खोडत असतील?” ऐश्वर्या कुजबुजली.

“बोलू नकोस.”

दुसरा दगड आठ वाजून सहा मिनिटांनी. तिसरा साडेआठला. डॉक्टरांनी लाल बॅटरी लावली आणि कागद चिठ्ठीच्या क्रमाने उलटले. पहिल्यावर ठिपके. तिसऱ्यावर ठिपके. दुसऱ्यावर धुक्यातले दोन तारे, आणि त्यांच्या खाली पेन्सिल आडवी धरून घासलेला एक पसरट आकार. एका बाजूला निमुळता.

डॉक्टरांनी शैलजाबाईंचा शिक्का मारलेला कागद शेजारी ठेवला. निमुळतं टोक दोन्हींवर एकाच ठिपक्याकडे होतं. त्यांनी पट्टीने दोनदा मोजलं. फरक तीन मिलिमीटर.

“काय खोडलंत तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“पैल्यांदा लई गडद झालं. एवढं न्हवतं ते. चुलीवरनं धूर कडंला जातो, तसं हुतं.” पोपटराव जरा घाबरले. “चुकलं का, सायेब?”

डॉक्टर जीपपाशी गेले.

“मॅडम, सोमवारी उपाशीपोटी यायची गरज नाही.”

“रद्द?”

“पुढे ढकलली. वेधशाळेचं येऊ दे, मग रद्द.”

ऐश्वर्याने जीपच्या दारावर डोकं टेकलं आणि ती हसायला लागली. मग हसू थांबेना म्हणून खाली उतरून माळावर थोडी चालून आली. हनीफनी कुणालाही न विचारता गॅसवर चहा ठेवला. शैलजाबाई दुर्बिणीपाशी गेल्या आणि त्यांनी पोपटरावांचा कागद बॅटरीखाली धरला.

“आकार सुरेख धरलाय,” त्या म्हणाल्या. “ठिपके जरा मोठे काढलेत.”

“शिकवणारीच तशी भेटली,” पोपटराव म्हणाले.

*

मंगळवार, ५ फेब्रुवारीला दक्षिण गोलार्धातल्या एका वेधशाळेने अवरक्त छायाचित्र पाठवलं. त्यात सूप होतं. निमुळत्या टोकाशी एक तारा होता. मागच्या वर्षीच्या छायाचित्रापेक्षा सुमारे शंभर पट तेजस्वी. रोज आकाश तपासणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणींनी तो नोंदवला नव्हता. तिथे आधीपासूनच तेजोमेघ असल्याने तेवढा चौकोन त्यांच्या तपासणीतून वगळलेला होता. शस्त्रक्रिया त्याच दुपारी रद्द झाली. फाइलीतला कागद मंडळाच्या वहीत गेला, पोपटरावांच्या कागदाला लागून. शिक्का तसाच आहे. तो खोडायची सोय नियमात नाही.

कंपनीने १८ फेब्रुवारीला नवं अपडेट जाहीर केलं. या काळात देशभरातून एकोणीस जणांनी रिमोट, कॅमेरे आणि फाटकांच्या सेन्सरचे उजेड ‘डाग’ म्हणून कळवले होते. नव्या अपडेटनंतर उघडे घटक कायमचे बंद होतील. अवरक्त दिसणार नाही. मग डाग दिसला तर तो दोषच, यात शंका उरणार नाही. अपडेट घ्यावं, असं डॉ. कुपवाडे यांचं मत आहे. ते त्यांनी शैलजाबाईंना लेखी दिलं आहे. गळती उद्या खरोखर सुरू झाली, तर ती ओळखण्याचा दुसरा उपाय आज नाही.

पोपटरावांनी नकार दिला. लग्नाच्या वरातीत अंधारातले खड्डे आता नीट दिसतात, एवढं एकच कारण त्यांनी दिलं. ऐश्वर्याने आईला एकदाच विचारलं.

“घेशील ना?”

“बघते.”

“बघते म्हणजे?”

“म्हणजे बघून घेते, मग सांगते.”

ऐश्वर्याने पुन्हा विचारलेलं नाही. दर रविवारी ती मिरजेहून येते आणि आईला काळ्या कापडावरचे दाणे काढायला लावते. कापडावर नसलेला उजेड कागदावर उतरतो का, हे ती बघते. आजवर उतरलेला नाही.

असा तारा काही महिन्यांत मंदावतो किंवा शंभर वर्षं तेवत राहतो. हा कोणत्या जातीचा, हे वेधशाळेने अद्याप सांगितलेलं नाही.

पुठ्ठ्याच्या फाइलीतली शेवटची नोंद सोमवार, ४ मार्चची, संध्याकाळी सात चाळीसची आहे. आकाश स्वच्छ. सूप पूर्वीइतकंच, रुंद बाजू किंचित लांबलेली वाटते, दुसरा कागद नाही. त्याच संध्याकाळी यंत्राने अपडेटबद्दल तिसऱ्यांदा विचारलं आणि शैलजाबाईंनी तिसऱ्यांदा ‘नंतर’ निवडलं. चौथ्यांदा फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ येतात, तो पर्याय येत नाही.